चंद्रप्रभेला रिकामी म्हणू नका

काशीला आलेल्या मराठी माणसांचा कार्यक्रम ठरलेला असतो. विश्वनाथ, अन्नपूर्णा, कालभैरव, संध्याकाळी दशाश्वमेधावरची आरती, दुसऱ्या दिवशी सारनाथ आणि मग प्रयाग नाहीतर गया. त्या कार्यक्रमात मी ढवळाढवळ करत नाही. पण कुणाच्या हाताशी एखादा दिवस मोकळा आहे असं कळलं, की मी आवर्जून सांगतो : पहाटे निघा, गंगा ओलांडा, चकियाच्या रस्त्यानं विंध्याच्या डोंगरात चढा. सत्तरेक किलोमीटरवर चंद्रप्रभा अभयारण्य आहे. अंधार पडायच्या आत परत काशीत याल. यावर पाहुणे काही बोलायच्या आत शेजारी बसलेला बनारसकरच बोलतो, ‘ओहर का धरल हौ?’ तिकडं ठेवलंय काय?

हा प्रश्न मी इतक्या तोंडांतून ऐकला आहे, की आता तो मला प्रश्न वाटतच नाही. हॉटेलवाला तेच सांगतो, टॅक्सीवाला तेच सांगतो, विद्यापीठातले शिकलेसवरलेले लोकही तेच सांगतात. त्यांचं म्हणणं एकत्र मांडलं तर ते असं होतं. अभयारण्य म्हटलं की वाघ हवा. इथं वाघ नाही, हत्ती नाही, गेंडा नाही. जंगल विरळ, उन्हाळ्यात तर उघडंबोडकं. क्षेत्रफळ जेमतेम ७८ चौरस किलोमीटर, आणि राष्ट्रीय उद्यानाचा दर्जाही नाही. ज्याला खरोखर जंगल पाहायचं आहे त्यानं कान्ह्याला किंवा बांधवगडला जाऊन चार दिवस राहावं, एका दिवसात जंगल कुणाला कळलं आहे? राहता राहिले राजदरी आणि देवदरी हे दोन धबधबे. तिथं पावसाळ्यात गाड्या भरून जावं, बाटी-चोखा करावा, गाणी लावावीत, पाण्यात उतरावं आणि परतावं. सरकारला त्या भागासाठी काही करायचंच असेल, तर रस्ता रुंद करावा, दरीवर काचेचा पूल टाकावा, हॉटेलं काढावीत.

हे मत निरुपद्रवी नाही. एखाद्या जागेत काही नाही असं एकदा सगळ्यांनी मान्य केलं, की तिथं काहीही करायला कुणाची हरकत उरत नाही. म्हणून त्याचा एकेक मुद्दा घेऊन उत्तर द्यायला हवं.

पहिला मुद्दा मोठ्या जनावराचा. चंद्रप्रभेत सिंह होते. ही दंतकथा नाही. १९५७ मध्ये हे अभयारण्य स्थापन झालं तेच एका मोठ्या कामासाठी. आशियाई सिंह जगात फक्त गीरमध्ये उरला होता. एकाच जंगलात एखादी साथ आली किंवा वणवा लागला तर सगळी जातच संपेल, म्हणून त्याला दुसरं घर द्यायचं ठरलं आणि त्यासाठी काशीच्या राजांचं हे जुनं शिकारीचं रान निवडलं गेलं. गीरमधून एक नर आणि दोन माद्या आणून इथं सोडल्या. त्यांना बच्चे झाले. १९६५ पर्यंत संख्या ११ वर गेली. पुढं काही वर्षांतच त्यातला एकही उरला नाही.

काय झालं त्यांचं? कुणी म्हणतं गुरं मारली म्हणून गावकऱ्यांनी विष घातलं, कुणी म्हणतं गोळ्या घातल्या, कुणी म्हणतं ते पांगले. खात्रीचं उत्तर नाही, कारण त्यांच्या मागावर शास्त्रशुद्ध पद्धतीनं कुणी राहिलंच नाही. भारतानं मोठ्या मांसाहारी प्राण्याला नव्या जागी वसवण्याचा स्वातंत्र्यानंतरचा एवढा महत्त्वाचा प्रयोग केला, आणि शेवटचा सिंह कधी आणि कसा गेला हे सांगायला नोंद नाही. आज जो म्हणतो ‘तिथं जनावर कुठं आहे’, त्याला माझा उलट सवाल आहे : होतं ते गेलं कसं? जंगलानं तर सिंह जगवून दाखवले होते. आठ वर्षांत तीनाचे अकरा झाले, ते काय उजाड माळावर? कमी पडलं ते माणसांचं लक्ष. त्या काळी बनारसमध्ये वर्तमानपत्रं होती, हिंदू विश्वविद्यालय होतं, वन खातं होतं. कुणालाच त्या अकरा जनावरांची चौकशी करावीशी का वाटली नाही? याचं कारण मला एकच दिसतं. तेव्हाही शहराच्या लेखी चंद्रप्रभा म्हणजे पावसाळ्यातला धबधबाच होता.

या दुर्लक्षाची किंमत चंद्रप्रभेपुरती राहिली नाही. पुढं मध्य प्रदेशातल्या कुनोला सिंह न्यायची गोष्ट निघाली, तेव्हा चंद्रप्रभेचं अपयश विरोधातला दाखला म्हणून पुढं आलं. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ च्या एप्रिलमध्ये काही सिंह कुनोला न्यावेत असा निकाल दिला. सिंह गेले नाहीत. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये कुनोत उतरले ते नामिबियातले चित्ते. मधल्या काळात, २०१८ मध्ये, गीरमध्ये विषाणूची साथ येऊन सिंह दगावले, म्हणजे साठ वर्षांपूर्वी ज्या भीतीनं चंद्रप्रभेची निवड झाली होती ती भीती खरी ठरली. २०२५ च्या गणनेत गुजरातेत सिंहांची संख्या ८९१ भरली, आणि गुजरातबाहेर दुसरं घर अजून नाही. एवढा मोठा धागा ज्या डोंगरातून गेला आहे, त्या डोंगरात पाहण्यासारखं काही नाही?

आणि ज्या माणसाला सिंहच पाहायचा आहे, तो सारनाथच्या संग्रहालयात जातोच. अशोकस्तंभाचा चौमुखी सिंहशीर्ष १९०५ च्या सुमारास तिथल्या उत्खननात सापडला आणि २६ जानेवारी १९५० रोजी राष्ट्राचं चिन्ह झाला. आपल्या नोटेवर, नाण्यावर, पासपोर्टवर तोच आहे. हा सिंह ज्या दगडातून कोरला तो चुनारचा वालुकाश्म आहे, म्हणजे याच विंध्याच्या कडेचा दगड. दगडातल्या सिंहाला राष्ट्रचिन्ह केल्यानंतर सात वर्षांनी त्याच डोंगररांगेत आपण जिवंत सिंह आणला आणि तो सांभाळू शकलो नाही. सारनाथचा मार्गदर्शक दगडाच्या झिलईबद्दल अर्धा तास बोलतो. जिवंत सिंहांबद्दल त्यानं एक वाक्य तरी सांगावं अशी माझी फार इच्छा आहे.

सिंह गेले म्हणून जंगल ओस पडलं, हेही खोटं. बिबट्या आहे, अस्वल आहे, चितळ, सांबर, चिंकारा, नीलगाय, रानडुक्कर आहेत. शंभराहून अधिक जातींचे पक्षी आहेत. सालई, तेंदू, खैर, मोह, पळस अशी कोरड्या पानझडी रानाची झाडं आहेत. उन्हाळ्यात हे रान उघडं दिसतं ते त्याच्या स्वभावामुळं. पानझडी रानानं पानं झाडावीत नाही तर काय करावं? फाल्गुनात पळस पेटतो, त्याच सुमारास मोह टपकायला लागतो, आणि मोहासाठी माणूस आणि अस्वल एकाच झाडाखाली येतात. ताडोबाच्या किंवा मेळघाटच्या रानाची सवय असलेल्या मराठी माणसाला यातलं काहीही परकं वाटणार नाही. त्याला हे रान उलट पटकन ओळखीचं वाटेल. ‘उघडंबोडकं’ हा शेरा आहे तो हिरवा रंग दिसला तरच जंगल मानणाऱ्या डोळ्यांचा.

आता एका दिवसाची गोष्ट. हा आक्षेप मला सगळ्यात जास्त झोंबतो, कारण तो जाणकारांकडून येतो. ते मारुती चितमपल्लींचं नाव घेतात, उभं आयुष्य रानात काढलेल्या माणसाचं, आणि विचारतात, सकाळी जाऊन संध्याकाळी येणाऱ्याला काय मिळणार? व्यंकटेश माडगूळकरसुद्धा नागझिऱ्यात मुक्काम ठोकून राहिले होते, तेव्हा कुठं त्यांचं पुस्तक झालं, असंही सांगतात. खरं आहे. पण पुस्तक लिहिण्यासाठी लागणारा वेळ आणि जंगलाशी नातं जोडण्यासाठी लागणारा वेळ एकच आहे, असं यांना कुणी सांगितलं? मदनपुऱ्यातल्या विणकराला, गोदौलियावरच्या ई-रिक्षावाल्याला, लंका मोहल्ल्यात खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्याला चार दिवस बांधवगडला राहणं, जीपचे पैसे भरणं, महिनोन्‌महिने आधी आरक्षण करून ठेवणं परवडणार आहे का? त्याच्याकडं असतो तो एक दिवस, आणि तोही आठवड्यातून क्वचित मोकळा. ‘एका दिवसात जंगल कळत नाही’ या वाक्याचा व्यवहारातला अर्थ एवढाच होतो, की पैसा आणि रजा असलेल्यांनीच जंगलात जावं. बाकीच्यांनी घाटावर बसावं.

मुंबईकडं पाहा. बोरीवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान हेही डोंगरातलंच, आणि क्षेत्रफळ १०४ चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे चंद्रप्रभेच्या दीडपटही नाही. मोकळ्या रानात वाघ तिथंही नाही. लोक लोकलनं उतरतात, कान्हेरीच्या शंभरावर लेण्यांमधून हिंडतात, विहार आणि तुळशी तलावांचं पाणी आपल्या नळाला येतं हे कधीतरी शिक्षकांकडून ऐकतात आणि संध्याकाळच्या गाडीनं घरी जातात. सगळी एकदिवशी सहलच. पण २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये उद्यानाला लागून असलेल्या आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी रात्रीत झाडं तोडायला सुरुवात झाली, तेव्हा अर्ध्या रात्री धावत आलेली माणसं काही चार-चार दिवस मुक्काम करणारे वन्यजीव छायाचित्रकार नव्हते. कॉलेजची पोरं होती, नोकरदार होते, आरेच्या पाड्यांवरचे आदिवासी होते. शहरातली ही माणसं जंगलाशी जोडली गेली ती अर्ध्या-एका दिवसाच्या हिंडण्यातूनच. चंद्रप्रभेसाठी उद्या अशी वेळ आली तर बनारसमधून कोण धावेल? ज्यांना लहानपणापासून ‘तिकडं काही नाही’ असंच शिकवलं ते?

शिवाय एका दिवसात कळतं ते थोडं नसतं. काशीहून निघालात की तासभर नुसतं सपाट मैदान, भाताची खाचरं, एकही चढ नाही. चकिया ओलांडलं की समोर डोंगराची कड अचानक उभी राहते. गंगेचं मैदान इथं संपतं आणि विंध्य सुरू होतो. हा सांधा पुस्तकात वाचून ध्यानात येत नाही, गाडीच्या खिडकीतून एकदा पाहिला की जन्मभर विसरत नाही. इथला वालुकाश्म शंभर कोटी वर्षांहून जुना आहे. त्याच्यापुढं हिमालय कालचा. विंध्याच्या या दगडांत एके काळच्या उथळ समुद्राच्या लाटांच्या सुरकुत्या जागोजागी उमटलेल्या आहेत, बोट फिरवून पाहता येतात. पश्चिमेला अहरौऱ्याजवळच्या लखनिया दरीत कातळावर गेरूनं काढलेली चित्रं आहेत. मिर्झापूरच्या या पट्ट्यातली अशी चित्रं आर्चिबाल्ड कार्लाइलनं १८६७-६८ मध्ये पाहिली होती, स्पेनमधल्या अल्तामिराच्या गुहेतल्या चित्रांचा शोध लागला त्याच्या अकरा-बारा वर्षं आधी. खुद्द अहरौऱ्याला डोंगरावरच्या खडकात अशोकाचा लघुशिलालेख आहे. सिंहशीर्ष संग्रहालयात नेता आला, हा लेख मात्र आहे तिथंच जाऊन पाहावा लागतो. ‘काही नाही’ म्हणणाऱ्यांनी यातलं काय काय पाहून मग निकाल दिला आहे?

तीर्थयात्रेला आलेल्या आपल्या लोकांचा एक वेगळा आक्षेप असतो. आम्ही देवाला आलो, डोंगराशी आमचा काय संबंध? संबंध असा, की तुम्ही ज्या काशीला येता ती काशी या डोंगरातून आली आहे. अहिल्याबाईंनी १७८० मध्ये विश्वनाथाचं मंदिर पुन्हा उभं केलं. त्यांच्या नावाचा घाट, नागपूरकर भोसल्यांचा घाट, बायजाबाईंच्या काळात बांधलेला आणि पुढं स्वतःच्याच वजनानं खचलेला शिंद्यांचा घाट, या मराठी कर्तृत्वाचा आपल्याला रास्त अभिमान आहे. या घाटांच्या पायऱ्या विंध्याच्या वालुकाश्माच्या आहेत. चुनारहून तो नावांत भरून गंगेतून खाली आणला जाई. ज्या पायरीवर बसून तुम्ही अर्घ्य देता ती या डोंगराची आहे.

पाण्याचं तर त्याहून सरळ आहे. चंद्रप्रभा नदी कर्मनाशेला मिळते आणि कर्मनाशा चौशाजवळ गंगेला. कर्मनाशेच्या पाण्याला स्पर्श झाला तर सगळं पुण्य धुऊन जातं, अशी जुन्या यात्रेकरूंची समजूत होती. म्हणून नदी ओलांडताना लोक दुसऱ्याच्या खांद्यावर बसत. या नदीवर यात्रेकरूंसाठी पूल व्हावा म्हणून पुण्याहून नाना फडणविसांनी पैसा खर्च केला होता. ते काम पुरं झालं नाही. पुढं १८३० च्या सुमारास काशीच्या राय पटनीमल यांच्या पैशातून आणि जेम्स प्रिन्सेपच्या आराखड्यानं दगडी पूल झाला. म्हणजे मराठी माणसाला या नदीची काळजी वाटण्याची परंपरा सव्वादोनशे वर्षांची आहे. आणि जी नदी पुण्य बुडवते असं म्हटलं गेलं, तिच्याच खोऱ्यातल्या धरणांच्या पाण्यावर आज चंदौलीची भातशेती उभी आहे. त्या जिल्ह्याला उत्तर प्रदेशात ‘धान का कटोरा’ म्हणतात. डोंगरावर रान आहे म्हणून पाणी अडतं, पाणी अडतं म्हणून भात पिकतो, आणि काशीतल्या अन्नछत्रात तोच भात वाढला जातो. अन्नपूर्णेच्या दर्शनाला आलेल्या माणसानं या डोंगराशी आपला संबंध नाही असं म्हणावं, हे मला पटत नाही.

हिंदी वाचकाला तर हा मुलूख परका असायचं कारणच नाही. देवकीनंदन खत्रींनी १८८८ मध्ये ‘चंद्रकांता’ लिहिली ती नौगढ, विजयगढ आणि चुनारच्या भूमीवर. चकिया-नौगढच्या जंगलांचा ठेका त्यांनी काशीनरेशांकडून घेतला होता. त्या हिंडण्यातून, त्या गुहा आणि पडके किल्ले पाहून ती कादंबरी निघाली. १९९४ ची दूरदर्शन मालिका तर आपल्याकडंही घरोघर पाहिली गेली. आधुनिक हिंदी कादंबरीचा वाचक ज्या रानानं घडवला, त्या रानात काही नाही असं बनारसमध्ये बसून म्हणायचं?

आता सहलीविषयी. ‘लोकांनी मौज करायचीच नाही का?’ असं मला अगदी चिडून विचारलं जातं. जरूर करावी. बनारसला तर त्याची मोठी परंपरा आहे. ‘बहरी अलंग’ म्हणून गंगेपार जायचं, वाळूत बसायचं, स्नान करायचं, ठंडाई घोटायची, गोवऱ्यांवर बाटी भाजायची, पत्रावळीवर जेवायचं. शहराच्या गलबल्यातून सुटका हाच तर तिचा हेतू. आज राजदरीवर श्रावणातल्या रविवारी जे चालतं ते या परंपरेत बसतं का? गाड्यांचे दरवाजे उघडे टाकून लावलेली गाणी, ओढ्यात फुटलेल्या बाटल्या, थर्माकोलच्या थाळ्या, माकडांपुढं फेकलेली वेफर्सची पाकिटं. जो गलबला टाळायला आजोबा नदीपलीकडं जात, तोच गलबला नातू सत्तर किलोमीटर वाहून नेतो आणि दरीत ओततो. याला परंपरेचं नाव देऊ नये.

हा आवडीनिवडीचाही प्रश्न नाही, कायद्याचा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात कचरा टाकणं, प्राण्यांना छळणं, आग लावणं हे गुन्हे आहेत. राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा नाही म्हणून तिथं काहीही चालतं, हा समज निव्वळ चुकीचा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी जिवाचा प्रश्न राहतोच. वालुकाश्माच्या पठारावर पडलेला पाऊस मुरत नाही, थेट दरीत धावतो. वर कुठंतरी ढग फुटला तर खाली ऊन असतानाही पाण्याला लोंढा येतो. विंध्याच्या या दऱ्यांत तरुण पोरं वाहून गेल्याच्या बातम्या पावसाळ्यात वाचायला मिळतात. पाण्यात उतरू नका असं सांगणाऱ्या रखवालदाराशी हुज्जत घालणं म्हणजे मौज, हे मी कुठल्याही आईबापाच्या तोंडावर म्हणू शकणार नाही.

शेवटी विकासाचा मुद्दा, आणि इथं मी एक इंचही सोडायला तयार नाही. काचेचा पूल, दोरावरून घसरायचा खेळ, हॉटेलं, यांतून भलं कुणाचं होणार? नौगढच्या पठारावर कोल, खरवार, गोंड लोक राहतात. तेंदूपत्ता, मोह, चारोळी आणि थोडी कोरडवाहू शेती यांवर त्यांचा संसार चालतो. खालच्या मैदानाला यांच्या डोंगरातलं पाणी कालव्यानं जातं, आणि उन्हाळ्यात यांच्याच बायाबापड्या पाण्यासाठी वणवण करतात. या असंतोषातूनच एके काळी इथं नक्षलवाद रुजला. नोव्हेंबर २००४ मध्ये नौगढच्या जंगलात सुरुंग उडवून पीएसी या राज्याच्या सशस्त्र पोलीस दलाच्या जवानांना मारलं गेलं. या माणसांना २००६ च्या वनहक्क कायद्यानं दिलेले हक्क नीट पोचवणं हा तिथला पहिला विकास आहे. शहरातल्या माणसासाठी दरीवर काच बसवणं त्याच्या कितीतरी नंतर येतं. माझ्या मते येतच नाही. ज्याला डोंगराची ओळख करून घ्यायची आहे त्याला कोल किंवा खरवार वाटाड्या हवा, जो कोणत्या झाडाचा डिंक कशाला लागतो आणि अस्वलाचा माग कसा दिसतो हे सांगेल. त्या माणसाला दिवसाची रोख मजुरी मिळाली, तर तो रान राखायला कुठल्याही कुंपणापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

‘काही नाही’ या शब्दांचा शेवट कुठं होतो, हे पाहायला लांब जावं लागत नाही. अहरौरा आणि सोनभद्रकडच्या रस्त्यांवर दगडखाणी आणि खडी क्रशर आहेत. डोंगर अर्धे कापलेले दिसतात, झाडांच्या पानांवर पांढरा धुरळा बसलेला दिसतो. त्या डोंगरांबद्दलही कधीतरी कुणीतरी ‘तिथं आहे काय?’ असंच म्हटलं असेल. कापला जाण्यापूर्वी प्रत्येक डोंगर आधी बिनमहत्त्वाचा ठरवला जातो. चंद्रप्रभेभोवती आज कायद्याची रेघ आहे म्हणून ती वाचली आहे. पण ज्या रेघेमागं लोकांचं प्रेम उभं नाही ती पुसायला वेळ लागत नाही, हे आपण महाराष्ट्रातही पाहिलं आहे.

म्हणून माझी मागणी स्पष्ट आहे. काशी वन्यजीव प्रभागानं राजदरीच्या फाटकावर वाहनं तपासावीत. ध्वनिवर्धक, काचेच्या बाटल्या आणि थर्माकोल तिथंच उतरवून घ्यावेत. बाटी करायची तर फाटकाबाहेर, ठरवून दिलेल्या जागी करावी. १९५७ च्या सिंहांची हकीकत हिंदीत आणि इंग्रजीत, आणि शक्य झालं तर मराठी, बंगाली, तमिळमध्येही, फलकावर लिहून तिथं लावावी, अपयशासकट. गावांतल्या तरुणांना वाटाडे म्हणून शिकवून नेमावं. बनारसच्या शाळांनी वर्षातून एक दिवस मुलांना तिथं न्यावं, आणि तो पावसाळ्यातला नसावा.

आणि काशीला येणाऱ्या मराठी यात्रेकरूंना विनंती. तुमच्या यात्रा कंपनीला सांगून एक दिवस मागून घ्या. नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी-मार्च धरा. डिसेंबर-जानेवारीत पूर्वांचलात धुकं दाट असतं, सकाळ वाया जाते. डबा बरोबर घ्या, रिकामा डबा परत आणा. धबधब्यापाशी अर्धा तास आणि झाडांत तीन तास, असा हिशेब ठेवा. आणि परतल्यावर हॉटेलवाल्यानं विचारलं ‘का धरल हौ ओहर?’, तर त्याला खाली बसवा आणि पाहिलेलं सगळं सांगा.